लाल शामियान्यातले चणे

ट्रेमध्ये मांडून ठेवलेलं काहीही आपल्याला चाखण्यासाठीच ठेवलेलं असतं, अशी इंदूरच्या माणसाची जन्मापासूनची समजूत. त्या सकाळी कृषी विद्यापीठाच्या फार्मवर मी एका टेबलावरचे चणे उचलून तोंडात टाकले ते या समजुतीपोटी, भुकेपोटी नव्हे. घरून पोहे खाऊन निघालो होतो. फाटकाबाहेर ठेला दिसला म्हणून तिथेही झाले होते. आत शिरल्याबरोबर सोयाबीनच्या पदार्थांचं टेबल लागलं, तिथल्या बाईंनी तिखट सोया शेव हातावर ठेवून "कैसी है, भाईसाब?" असं विचारलं, आणि एवढ्याशा शेवेवरून मत देणं बरं नव्हे म्हणून मी पुन्हा हात पुढे केला. जीभ चांगलीच पेटली होती. पुढच्या टेबलावर दोन पसरट ट्रे होते, दोन्हींत चणे, चण्यांवर काहीतरी चोळलेलं. टेबलामागे माणूस नव्हता. मी एक मूठ भरून फक्का मारला आणि दुसरी मूठ मागे उभ्या असलेल्या सासऱ्यांच्या हातावर ठेवली.

"घ्या बाबा. मसाला चणे."

मग मी चावायला लागलो. दाताखाली फुटेनात. भट्टी नीट लागलेली नाही, असा शेरा मनात मारून काही गिळले, काही कडेच्या गवतात थुंकले आणि पुढे निघालो. झाली ती चूक एवढीच. तिला लागलेला वेळ रस्त्यात चपलेतला खडा काढायला लागतो तेवढा.

सासरे बुलढाण्याकडचे, पोस्टातून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो, मेथी आणि एक दुधी लावला, आणि दुधीला पहिलं फूल आलं त्या दिवसापासून स्वतःला शेतकरी म्हणवू लागले. वर्तमानपत्रात 'प्रक्षेत्र दिवस'ची बातमी त्यांनीच वाचली. शेतकऱ्यांना फार्मवर बोलावून नवी पिकं, नवी अवजारं दाखवतात तो दिवस. "जावईबापू, रजा टाका," एवढंच ते म्हणाले. मी विमा कंपनीच्या ऑफिसात आहे. माझ्या रजेने कुणाचं काही अडत नाही, हे त्यांनी आल्या आल्याच ओळखलं होतं.

बायको शाळेत गणित शिकवते. निघताना तिने चपला घालता घालता मला बजावलं. बाबांना उन्हात फार फिरवू नका, गोड खाऊ देऊ नका आणि घाबरवू नका. त्यांना साखरेचा त्रास आहे, हृदयात स्टेंट आहे. डॉक्टरांनी एकदा सहज म्हटलं होतं की मनाला धक्का बसेल असं काही टाळा, तेव्हापासून घरात आम्ही त्यांना क्रिकेटचा निकालसुद्धा चेहरा पाहून सांगतो. गोडाच्या बाबतीत मात्र त्यांची आणि त्यांच्या मुलीची खुली लढाई आहे, आणि त्या लढाईत मी मुलीच्या बाजूचा हेर आहे असं ते मानतात. खोटं नाही ते.

तर, सासऱ्यांची कवळी. कवळी लावलेल्या माणसाला कच्चा चणा फुटत नाही. त्यांनी तो गालात ठेवला आणि लिमलेटच्या गोळीसारखा चोखत चोखत माझ्याबरोबर शेत बघायला निघाले. सोयाबीन पिवळं पडून झुकलं होतं. चौकोनी तुकड्यांपुढे पाट्या रोवलेल्या होत्या, मागे दूरवर उंच इमारती, आणि काळी माती बुटांना अशी लागत होती की थोड्या वेळाने मी स्वतःच थोडा उंच वाटायला लागलो. आकाशात एक ड्रोन फवारणी करून दाखवत होता; फवाऱ्यात नुसतं पाणी होतं तरी सगळे मागे सरकले. सासऱ्यांनी एका शास्त्रज्ञाला गाठून आपल्या दुधीला फळ का धरत नाही ते विचारलं. त्याने किती एकर आहे असं विचारल्यावर ते म्हणाले, "सध्या एकच वेल आहे." बोलताना त्यांचा गाल फुगलेला होता. मी कौतुकाने बघत होतो. म्हातारा माणूस किती खूश आहे, असं वाटत होतं.

मग मंडपात भाषणं सुरू झाली. आम्हाला कडेच्या खुर्च्या मिळाल्या. माइकवर एक साहेब उभे राहिले आणि येत्या रब्बीसाठी चण्याला पेरणीआधी औषध कसं लावायचं ते सांगू लागले. मी अर्धवट ऐकत होतो. दुपारच्या जेवणाच्या पाकिटात पुरीबरोबर बुंदी आहे की नाही याचा विचार चालला होता, असली तर ती सासऱ्यांच्या पाकिटातून आपण काढून घ्यायची होती.

"एक बात ध्यान रखना," साहेब म्हणाले. "दवा लगा हुआ बीज सिर्फ बोने के लिए है. खाना नहीं है. ढोर को खिलाना नहीं है. हाथ लगाया तो साबुन से धोना है. उधर टेबल पर रखा है, लाल वाला, देख लो. ज़हर है वो."

पुढच्या रांगेतला एक शेतकरी उठून म्हणाला, "सही बात है साब. पिछले साल मेरे ओसारे में बोरी फट गई थी. मुर्गियां चुग गईं. शाम तक सब आड़ी."

मंडप हसला. मीही हसलो, सगळे हसले की मी हसतो. हसता हसताच माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

मी हात पाहिले. बोटांच्या पेरांवर लालसर काहीतरी होतं. शेवेचं तेल असेल. नसेलही. शेजारी सासरे माइककडे बघत होते. त्यांना थोडं कमी ऐकू येतं आणि माइकवरची हिंदी तर मुळीच कळत नाही. त्यांचा गाल अजून हलत होता. कोंबड्यांनी निदान चणा आख्खा गिळला असणार. या माणसाने वरचा लेप सावकाश, मन लावून, चाटून उतरवला होता.

"बाबा, तोंडात काय आहे?"

"चणा."

"थुंका."

"का?"

खरं कसं सांगणार? स्टेंट. डॉक्टर. धक्का. "शिळा आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर गिळला. "आम्हाला अन्न टाकायची सवय नाही, जावईबापू," असं म्हणून ते परत माइककडे वळले.

मी उठलो. विमा ऑफिसात इतकी वर्षं लोकांना काय काय होऊ शकतं ते सांगून मी पॉलिसी विकल्या आहेत. ते सगळं मंडपातून टेबलापर्यंतच्या चिखलात मला एकेक करून आठवलं. आणि त्या सगळ्याच्या वर बायकोचा चेहरा. ओरडणारा नाही. ती ओरडत नाही. गणित चुकलेल्या मुलाकडे बघावं तशी बघते.

टेबलावर आता एक तरुण मॅडम होत्या, गळ्यात विद्यापीठाचं कार्ड. समोर एक ड्रम होता, हँडलने फिरवायचा. ट्रे दोन्ही रिकामे होते.

"मॅडम, यहां चने थे," मी म्हणालो.

"ड्रम में डाल दिए. अभी दिखाया सबको. आपको देखना है?"

"नहीं. एक बात पूछनी थी. मान लो किसी ने खा लिए तो?"

"बकरी ने?"

"नहीं."

"गाय?"

"मान लो आदमी."

त्या हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहू लागल्या. "कौन आदमी?"

"अरे देवा," मी म्हणालो. ते आपोआप आलं.

"तुम्ही मराठी आहात?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. त्या अकोल्याकडच्या होत्या, गेल्या वर्षीच इथे रुजू झालेल्या. "कोणी खाल्ले?"

"मी थोडे. सासऱ्यांनी जास्त. चोखून."

"कोणत्या ट्रेमधले?"

त्यांनी समजावून सांगितलं. एका ट्रेमध्ये बुरशीचं औषध लावलेले चणे होते. दुसऱ्यात नुसतं कल्चर, म्हणजे मुळांवर गाठी धरवणारे जिवाणू, गुळाच्या पाण्यात कालवून चोळलेले. ते पोटात गेले तरी काही होत नाही. पहिले लाल, दुसरे काळपट. "लाल होते का काळे?"

मी डोकं वर करून पाहिलं. आमच्या डोक्यावर लाल कापडाचा शामियाना होता. उन्हामुळे टेबल, ड्रम, मॅडमचा पांढरा कुडता, माझे हात, सगळं लाल दिसत होतं.

"लाल," मी म्हणालो. "पण इथे तुम्हीपण लाल आहात."

"औषधाचा ट्रे डावीकडे होता."

"माझ्या डावीकडे, की तुमच्या?"

याचं उत्तर त्यांनी दिलं, आणि ते ऐकून मला काहीच फायदा झाला नाही, कारण मी कुठल्या बाजूला हात घातला ते आठवत नव्हतं. दोन मुठी भरल्या होत्या. दोन्ही एकाच ट्रेमधल्या की वेगवेगळ्या, तेही सांगता येईना. मला त्या क्षणी फक्त सोया शेव आठवत होती, ती अगदी स्वच्छ आठवत होती.

शेजारून ऐकणारा एक जण म्हणाला, "भिया, दूध पिला दो." दुसरा म्हणाला घी. तिसऱ्याने मिठाच्या पाण्याची बाटली शोधायला सुरुवात केली. मॅडमनी सगळ्यांना हाताने थांबवलं. "काहीही पाजायचं नाही. उलटी काढायची नाही. हॉस्पिटल. गाडी माझ्याकडे आहे." त्यांनी ड्रममागून औषधाचं रिकामं पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं. पर्सची चेन त्यांना दोनदा ओढावी लागली, आणि ते पाहून मला जास्त भीती वाटली. तोवर वाटत होतं की मी भित्रा आहे म्हणून घाबरतो आहे. ज्यांना माहिती आहे तेही घाबरले, मग काय उरलं?

सासऱ्यांना उठवायचं कसं, हा प्रश्न होता. मी त्यांच्याजवळ जाऊन पोट धरलं आणि म्हणालो, "बाबा, माझ्या पोटात फार दुखतंय. दवाखान्यात जाऊन येऊ."

"खाताना बघत नाही तुम्ही," ते उठत म्हणाले. "सकाळपासून मोजतोय मी. चला. माझ्या खांद्यावर हात ठेवा."

म्हणजे ज्याला न्यायचं तोच मला घेऊन निघाला. चिखलातून ते हळूहळू चालत होते, मला सावरत, आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांच्या मानेची शीर उडते आहे का ते बघत होतो. उडत होती. शिरा उडतातच. पण त्या वेळी ती मला फार जोरात उडताना दिसली.

जीपमध्ये ते पुढे बसले, मी आणि मॅडम मागे. अकोला म्हटल्यावर त्यांची कळी खुलली. कुठला भाग, कुठली शाळा, त्यांच्या ओळखीचे एक पोस्टमास्तर तिथे होते, त्यांना ओळखता का. मॅडम हो-नाही करत होत्या. मी मागून सासऱ्यांच्या कानांचा रंग पाहत होतो. कान निळे पडतात असं कुठेतरी वाचलं होतं, का ओठ पडतात? बुधवार होता, खजरान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गणपतीला जाणाऱ्यांची गर्दी होती आणि आमची गाडी ढकलल्यासारखी सरकत होती. खजरान्याला नवस बोलताना देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढतात आणि काम झालं की येऊन सुलटा काढतात. मी जीपच्या सीटवर बोटाने उलटा स्वस्तिक काढला. घाईत तो सुलटाच निघाला असावा, म्हणून परत काढला. मग कुठला खरा धरायचा असा घोळ झाला.

मॅडमना एक सुचलं. गूळ. कल्चरचे चणे असतील तर ते गोडसर लागले असणार. माझी जीभ तिखटाने बधिर होती, पण सासऱ्यांनी तर बराच वेळ चोखले होते. त्या पुढे झुकल्या आणि अगदी सहज, गप्पांच्या ओघात विचारलं, "काका, फार्मवरचे चणे खाल्लेत ना तुम्ही? कसे होते चवीला? गोड होते का?"

सासऱ्यांनी मान किंचित मागे वळवून आधी माझ्याकडे पाहिलं.

"गोड? छे," ते म्हणाले. "गोड कुठले. कडू होते. चांगलेच कडू."

मॅडम मागे टेकल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ड्रायव्हरला म्हणाल्या, "भैया, थोड़ा जल्दी."

इतक्या हळू आवाजात 'जल्दी' मी कधी ऐकलं नव्हतं. आणि त्यानंतर मलाही कडू आठवायला लागलं. जिभेच्या मागच्या बाजूला, तिखटाच्या खाली, काहीतरी कडवट होतंच की. होतं ना? हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या. मी दोघांचं मिळून घाबरत होतो. माझं काही झालं तर बायको एकटी, बाबांचं झालं तर मी एकटा; दोघांचं झालं तर गच्चीवरच्या दुधीला पाणी कोण घालणार, असा एक विचार मधेच आला आणि त्याने मला रडू फुटलं. मी खिडकीकडे तोंड केलं. सासरे पुढून म्हणाले, "फार दुखतंय का? धीर धरा. पोहोचलोच."

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मॅडम त्यांना आत घेऊन गेल्या आणि मी बायकोला फोन केला. तिचा तास चालू असणार हे माहीत होतं. तिने उचलला. मी काय बोललो ते मला आठवत नाही. तिने "कुठे?" विचारलं, मी सांगितलं; तिने पुन्हा "कुठे?" विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग फोन बंद झाला.

आत गेलो तर सासरे काउंटरवर माझं नाव लिहून घ्यायला सांगत होते. "पेशंट ये है. खाता बहुत है." तरुण डॉक्टरने मॅडमकडून पाकीट घेतलं, वाचलं, आणि सासऱ्यांनाच कॉटवर बसवलं. रक्तदाबाचा पट्टा त्यांच्या दंडाला बांधला गेला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

"पेट साफ करना पड़ेगा," डॉक्टर म्हणाला. नर्सने एक लांब नळी आणली. "नाक से डालेंगे, अंकल. थोड़ी तकलीफ होगी."

"हे काय?" सासरे मराठीत म्हणाले, मला उद्देशून.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तरी मी कॉटची कडा धरून उभा राहिलो, त्यांना काही झालं तर पकडता यावं म्हणून, किंवा मला काही झालं तर. "बाबा, ते चणे खायचे नव्हते. पेरायचं बियाणं होतं. विषारी औषध लावलेलं. माझी चूक झाली. मी खाण्याचे समजलो."

मला वाटलं, आता छातीवर हात जाईल. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. हात मांडीवरच होता. ते नळीकडे पाहत होते, पण त्या नळीच्या पलीकडचं काहीतरी तोलत असल्यासारखे.

"तिला कळवलंत?"

"येतेय ती."

"हं." त्यांनी दंडाचा पट्टा चाचपला. मग म्हणाले, "गोड होते."

"काय?"

"गुळाचे होते ते. चांगला जुना गूळ."

"मग गाडीत कडू म्हणालात."

"तुम्ही मागे बसला होतात. तुमच्यासमोर गोड म्हणालो असतो तर संध्याकाळी माझ्या ताटातली पोळी अर्धी झाली असती." त्यांचा आवाज चढला. "मला काय माहीत त्याच्यावर माझा जीव टांगलाय ते?"

मॅडम भिंतीला टेकल्या. पण डॉक्टर इंदुरी होता, त्याने बरेच म्हातारे पाहिले होते. मी त्याला हिंदीत सांगितलं तसा तो म्हणाला, "नली देखके तो सब मीठा बोलते हैं, अंकल."

आणि ते खरंच होतं. त्या माणसाची दोन विधानं माझ्यासमोर होती, एक मुलीच्या भीतीने केलेलं, दुसरं नळीच्या भीतीने. कुठलं खरं मानायचं? मुलीची भीती मोठी की नळीची? मी त्यांच्या मुलीबरोबर संसार केला आहे; माझ्या मते मुलीची मोठी. पण तेवढ्यावर कुणाच्या जिवाचा निर्णय करता येत नाही. नर्स नळीला काहीतरी लावत होती. मी शेजारच्या रिकाम्या कॉटवर बसलो.

"बाबा, खरं सांगा," मी म्हणालो. "मी तिला काही सांगणार नाही. ताटातली पोळी मी माझ्यातली देईन. पण खरं सांगा."

त्यांनी एक मोठा श्वास घेतला. मग कुडत्याच्या आतल्या खिशात हात घालून रुमाल काढला. गाठ मारलेला. गाठ सोडता येईना, रुमाल स्वतःलाच चिकटला होता. मॅडमनी ती सोडवली. आत बरेचसे चणे होते.

"तुम्ही ड्रोन बघत होतात तेव्हा टेबलापर्यंत मागे जाऊन घेतले," ते छताकडे पाहत म्हणाले. "मला आवडले ते. त्याच ट्रेमधले. घरी गच्चीवर बसून सावकाश..."

मॅडमनी एक चणा उचलून खिडकीजवळ नेला. तिथे कुठलंही लाल कापड नव्हतं. चणा काळपट होता. त्यांनी वास घेतला, बोटाला चिकटतो का पाहिलं. "कल्चर," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, यह कल्चर वाला ही है. इसमें दवा नहीं है." मग त्या कॉटच्या पायथ्याशी बसल्या आणि ओढणीने तोंड पुसायला लागल्या, डोळेही त्यातच पुसले गेले.

नळी परत गेली. सासऱ्यांची साखर मात्र मोजली, ती वाढलेली निघाली, आणि त्याबद्दल त्यांनी डॉक्टरशी सविस्तर वाद घातला. मला वाटलं संपलं. तेव्हा डॉक्टर माझ्याकडे वळला.

"और आपने कौन सी ट्रे से खाया?"

माझ्याकडे रुमाल नव्हता. मी जे खाल्लं होतं ते सगळं माझ्या पोटात होतं, उरलेलं फार्मवरच्या गवतात. तेव्हा मला त्याच कॉटवर आडवं केलं, सलाईन लावली आणि संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं. सासरे शेजारच्या कॉटवर, तेही खबरदारी म्हणून. दर थोड्या वेळाने ते विचारायचे, "काही होतंय का?" मी नाही म्हणायचो, आणि नाही म्हटल्यावर खात्री करण्यासाठी आतून चाचपायचो. पोटात गुडगुडलं की वाटायचं, हे ते. मग वाटायचं, हे पोहे. तो सगळा दुपारचा वेळ मी स्वतःच्या पोटाचं ऐकत काढला. मंडपातल्या त्या शेतकऱ्याच्या कोंबड्या संध्याकाळी गेल्या होत्या, आणि खिडकीत ऊन उतरायला लागलं तसतसं ते मला जास्त ठळक आठवत गेलं.

बायको आली ती तशीच शाळेतून, साडीच्या निरीला खडू लागलेला. दारात थांबली. आधी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वडिलांकडे. डॉक्टरला नेमके प्रश्न विचारले, मॅडमना बाहेर नेऊन चहा पाजला, घरी जायला सांगितलं. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. ऊन गेल्यावर डॉक्टरने मला उठवलं, डोळ्यांत बॅटरी मारली, जा म्हणाला. जिन्यावरून उतरताना सासरे पुढे होते आणि कठडा न धरता उतरत होते.

घरी आल्यावर ते जेवून झोपले. बायकोने चहा टाकला, दोन कप घेऊन बाल्कनीत आली आणि माझ्या शेजारी बसली. मी तयारी केली. काय काय बोलणार ते मला पाठ होतं, उत्तरंही पाठ होती.

"फोनवर काय म्हणालात ते आठवतंय?" तिने विचारलं.

"बाबांना हॉस्पिटलमध्ये आणलंय, असं म्हणालो असेन."

"त्याच्या आधी."

"नाही आठवत."

"नाव घेतलंत माझं." ती कपात बघत होती. "उखाण्यात घेतलं होतंत, त्यानंतर आज. एरवी 'अगं', नाहीतर 'ऐकतेस का'. फळ्यावर अर्धं गणित होतं, मुलं बघत होती, आणि तुमच्या तोंडून नाव ऐकलं तेव्हाच मला वाटलं, बाबा गेले. पुढचं काही ऐकूच आलं नाही. दोनदा विचारावं लागलं कुठे म्हणून."

तिने चहा संपवला, दोन्ही कप उचलले आणि आत जाता जाता म्हणाली, "यापुढे काहीही झालं ना, तरी आधी 'अगं' म्हणा. मग सांगा काय सांगायचं ते."